खडबडीत रस्ता आणि वेगाची मोटार

विसाव्या शतकाच्या आरंभीं वेरूळचीं लेणीं पाहावयास येणारा प्रवासी आगगाडीनें दौलताबाद किंवा औरंगाबाद स्टेशनावर उतरे आणि पुढचा मार्ग टांग्यानें काटी. रुळांवरचा गुळगुळीत प्रवास स्टेशनाच्या दारांतच संपत असे. तेथून पुढें खडीचा रस्ता, दौलताबादचा किल्ला, खुलताबादचा चढ आणि मग लेणीं. ह्या वाटेनें बैलगाड्याहि जात आणि टांगेहि जात; परंतु दोहोंतील उतारूंची अवस्था सारखी नसे. बैलगाडीचा साटा आंसावर सरळ ठेवलेला असतो. चाकाखालीं धोंडा आला कीं त्याचा धक्का आंसांतून साट्यांत आणि साट्यांतून बसणाराच्या मणक्यांत विनाविलंब पोहोंचतो. टांग्याच्या आंसावर मात्र पोलादी पाट्यांची कमान असते. धोंडा तोच, पण त्याचा जोर कमानींत बराचसा विरतो. टांग्यांतील प्रवास अगदीं सुखाचा असे, असें मात्र कोणी समजूं नये. घोडा दुडक्या चालीनें निघाला कीं कमानी टांग्याला अशा कांहीं लयींत झुलवीत कीं सकाळची न्याहारी जागेवर राहणें कठीण. ज्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत पुढें ह्याच शहराच्या वेशीवर मोठमोठे कारखाने उभे राहिले, त्याचा उगम येथें आहे. धक्का सोसण्यासाठीं गाडी मऊ हवी आणि ताब्यांत राहण्यासाठीं ती घट्ट हवी. हीं दोन्ही मागणीं एकाच गाडींत, आणि तींहि बेताच्या पैशांत, कशीं पुरवावीं?

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वींचें औरंगाबाद, ह्या शहराच्या आसमंतांत हा प्रश्न अधिक तीव्र असण्यास भूगोलहि कारण आहे. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळून आकसते. तिच्यावर घातलेला रस्ता वर्षांतून एकदां उचलला जातो व एकदां खचतो. डांबराला चीर पडली कीं तींतून पाणी खालीं उतरतें, आणि उरलेलें काम मालमोटारींचीं चाकें पुरें करतात. ठेकेदारांचा सर्व दोष काळ्या मातीच्या माथीं मारावा असा ह्याचा अर्थ नव्हे. २०१८ च्या सुमारास रुंदीकरणासाठीं उखडलेला अजिंठ्याचा रस्ता पुढें कित्येक वर्षें ज्या स्थितींत पडून राहिला, तींत मातीचा हात थोडा होता. पण कारण कोणतेंहि असो, ह्या भागांत मोटार बाळगणाराला खड्डा हा अपवाद म्हणून नव्हे, तर नित्याचा सोबती म्हणून हिशेबांत धरावा लागतो.

कमानींचा इतिहास मोटारीहून बराच जुना आहे. इंग्लंडांतील ओबाडाया एलियट ह्या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार कमानीचें पेटंट घेतलें, आणि घोडागाडी बांधण्याची रीतच त्यामुळें पालटली. एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या ह्या कमानींत एक गुण असा होता, कीं जो बनविणाऱ्यांच्याहि लक्षांत उशिरा आला. कमान दबली व सुटली कीं पाटे एकमेकांवर घासत. त्या घासण्यानें झुलणें आपोआप कांहींसें आवरलें जाई. म्हणजे वजन पेलणारी वस्तु आणि झोके थांबविणारी वस्तु अशा दोन वस्तु एकाच कमानींत नकळत एकत्र आल्या होत्या. मोटारींत गोल वेटोळ्याची स्प्रिंग आली तेव्हां हें घर्षण नाहींसें झालें. नुसती वेटोळ्याची स्प्रिंग धक्का उसना घेते आणि पुढच्याच क्षणीं परत करते. गाडी एका खड्ड्यांत आपटली तर पुढचीं दहा पावलें नाचत जाते.

ही उणीव भरून काढण्यासाठीं शॉक-अॅब्सॉर्बर जन्मास आला. फ्रान्समधील त्रुफो ह्यानें घासणाऱ्या तबकड्यांचें एक साधन काढलें, आणि अमेरिकेंत हार्टफर्डनें त्याचा प्रसार केला. पुढें फ्रान्समध्येंच उदाय ह्यानें तबकड्यांच्या जागीं तेल आणलें. तेलाची युक्ति फार सोपी आहे. बंद नळींत एक दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोकें असतात. चाक वरखालीं झालें कीं तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि ह्या झगड्यांत झोक्याचा जोर उष्णतेंत रूपांतर पावतो. लांबच्या वाईट रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉक-अॅब्सॉर्बरला हात लावला तर तो चटकन् मागें घ्यावा लागतो, त्याचें कारण हेंच. नांवाप्रमाणें हें साधन धक्का शोषतें अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक धक्का घेते ती स्प्रिंग. शॉक-अॅब्सॉर्बर तिला आवरतो. गॅरेजांत ज्याला सरसकट ‘शॉकप’ म्हणतात, त्याच्याविषयींचा हा एक गैरसमज दूर झाला असता, तर पुष्कळांचे पुष्कळ पैसे वांचले असते.

निजामाच्या राज्यांत स्टेट रेल्वेनें १९३२ सालीं २७ मोटारगाड्यांनिशीं सरकारी बस-वाहतूक सुरू केली, तेव्हां त्या गाड्यांचा सारा भार पाट्यांच्या कमानींवरच होता. स्वातंत्र्यानंतर दीर्घ काळ ज्या दोन मोटारी ह्या देशांत सर्वत्र दिसत, त्यांपैकीं अॅम्बेसडर व फियाट ह्या दोहोंच्याहि मागच्या चाकांवर पाट्यांच्याच कमानी होत्या. त्या गाड्या धिम्या होत्या आणि त्यांच्याकडून वेगाची अपेक्षाहि नव्हती.

औरंगाबादच्या भाग्यांत पालट झाला तो १९८५ सालीं. त्या वर्षीं शहराच्या पश्चिमेस वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. राष्ट्रपति झैलसिंग ह्यांच्या हस्तें त्याचें उद्‌घाटन झालें. एवढ्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने भोंवतीं उभे राहणें क्रमप्राप्तच होतें. त्यांतच अनुरंग जैन ह्यांचा उद्योग होता. अॅल्युमिनियमच्या ओतीव कामानें त्याचा आरंभ झाला आणि पुढें एन्ड्युरन्स ह्या नांवानें तो दुचाकी व तीनचाकी वाहनांचे शॉक-अॅब्सॉर्बर आणि पुढचे फोर्क बनविणाऱ्या देशांतील प्रमुख उद्योगांपैकीं एक झाला. येथें बनणाऱ्या वस्तूंचा गिऱ्हाईक कसा होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. रिक्षावाला तिघांच्या जागीं सहा माणसें बसवी. दूधवाला स्कूटरला दोन्ही बाजूंनीं कॅन लटकवी. शॉक-अॅब्सॉर्बर स्वस्त हवा, तो खड्ड्यांत फुटतां कामा नये, आणि फुटलाच तर गल्लींतल्या कारागिराला बदलतां आला पाहिजे. हें त्याचें मागणें. इटलींत वा जर्मनींत बसून आखणी करणाराला असें गिऱ्हाईक कल्पनेंतहि भेटलें नसतें.

२००१ सालीं बजाजची पल्सर बाजारांत आली, आणि ह्या मागण्यांत एका नव्या मागणीची भर पडली. तरुणाला वेग हवा होता, वळणावर गाडी झुकवावयाची होती, आणि तरीहि महिन्याच्या हप्त्यांत तें सर्व बसवावयाचें होतें. पल्सरच्या पुढील आवृत्त्यांत मागच्या शॉक-अॅब्सॉर्बरला नायट्रोजन वायूची स्वतंत्र डबी जोडलेली दिसते. ती केवळ शोभेची नाहीं. खडबडीत रस्त्यावर दट्ट्या वेगानें वरखालीं झाला कीं तेलाला फेस येतो, आणि फेसाळ तेल कांहींच आवरूं शकत नाहीं; वायूच्या दाबाखालीं तेल ठेवलें तर तो फेस धरत नाहीं. द कार्बों ह्या फ्रेंच संशोधकाची ही कल्पना जर्मनींतील बिल्श्टाइन कारखान्यानें १९५७ पासून मर्सिडीज गाड्यांसाठीं वापरली होती. श्रीमंताच्या मोटारींतील युक्ति मध्यमवर्गीयाच्या दुचाकींत उतरावयास सुमारें अर्धें शतक लागलें.

त्याच २००१ सालीं शहराच्या पूर्वेस शेंद्रा येथून चेक बनावटीची स्कोडा ऑक्टेव्हिया बाहेर पडूं लागली. ह्या मोटारीचा सांगाडा फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढींतील गोल्फ गाडीशीं एकवंशीय होता. पुढें प्रत्येक चाकाला मॅकफर्सन पद्धतीचा खांब, म्हणजे स्प्रिंग व शॉक-अॅब्सॉर्बर एकाच उभ्या रचनेंत. मागें दोन्ही चाकांना जोडणारा, पिळ सोसणारा पोलादी तुळईवजा आंस, आणि स्प्रिंग व शॉक-अॅब्सॉर्बर वेगवेगळे. २००४ सालीं तिची आर.एस. ही आवृत्ति भारतांत आली. तिच्या १.८ लिटर टर्बो इंजिनाची शक्ति १५० अश्वशक्ति होती. त्या काळच्या भारतीय रस्त्यांवर हा आंकडा कानाला मोठा वाटे. वर्षें लोटलीं, मूळ मालकांनीं त्या गाड्या विकल्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हातीं त्या तरुणांच्या आवांक्यांत आल्या. इंजिन जोमदार होतें. परंतु खालचे रबरी बुश झिजलेले, शॉक-अॅब्सॉर्बर गळणारे आणि स्प्रिंगा दमलेल्या. वेगाची गाडी थोड्या पैशांत पुन्हां उभी कशी करावी, हा प्रश्न ह्या शहरांतील गॅरेजांत खऱ्या अर्थानें उपस्थित झाला तो ह्या गाड्यांमुळें.

ह्या प्रश्नाला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उत्तर म्हणजे स्प्रिंग कापणें. गाडी जमिनीलगत दिसली म्हणजे ती शर्यतीची दिसते, आणि करवतीनें एक वेटोळें उतरविण्यास खर्च जवळजवळ नाहीं. परंतु सहा वेटोळ्यांपैकीं एक कमी केलें तर उरलेली स्प्रिंग सुमारें वीस टक्के कडक होते. गाडी खालीं बसल्यामुळें चाकाला वर जाण्यास जागाहि कमी उरते. शॉक-अॅब्सॉर्बर मात्र तोच जुना, सौम्य स्प्रिंगेसाठीं बनविलेला. कडक स्प्रिंग त्याच्या आवांक्याबाहेर जाते. परिणाम असा कीं खड्ड्यांत गाडी रबरी ठोकळ्यावर आपटते आणि खड्ड्यानंतर नाचते. वळणांत मधोमध खड्डा आला तर टायर क्षणभर जमीन सोडतो, आणि ज्या क्षणीं टायर हवेंत असतो त्या क्षणीं सुकाणूचें आणि ब्रेकचें दोघांचेंहि कांहीं चालत नाहीं. खुलताबादच्या चढाउतारावर किंवा कन्नडच्या औट्रम घाटांत हा क्षण कोठें गांठील, ह्याचा नेम नाहीं.

स्प्रिंग किती मऊ असावी ह्याचा पद्धतशीर विचार प्रथम मॉरिस ऑली ह्या इंग्रज इंजिनियरानें केला. रोल्स-रॉइसमधून तो १९३० सालीं अमेरिकेंत कॅडिलॅककडे गेला आणि तेथें त्यानें एका मोठ्या मोटारीवर वजनें पुढेंमागें सरकवून, स्प्रिंगा बदलून, माणसाला काय सोसतें व काय सोसत नाहीं ह्याचे प्रयोग केले. माणूस चालतो त्या लयीच्या आसपास गाडी झुलली तर शरीराला तें त्रासाचें होत नाहीं. हिशेब सोपा आहे. गाडीच्या भारानें जी स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबते ती सेकंदाला सुमारें एक झोका घेते. ११ सेंटिमीटर दबणारी दीड, आणि ६ सेंटिमीटर दबणारी दोन. घरगुती मोटार एक ते दीडच्या दरम्यान असते, आणि शर्यतीच्या गाड्या दोनच्या बऱ्याच पुढें जातात. ऑलीनें आणखी एक गोष्ट दाखविली. खड्डा आधीं पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. म्हणून मागचा झोका पुढच्याहून किंचित् जलद ठेवला तर दोन्ही लवकरच एका तालावर येतात आणि गाडी घोड्यासारखी डुलत नाहीं. टांग्याला हा उपायच नव्हता. त्याला मागचीं चाकें नव्हतीं.

कडक म्हणजे चपळ, ही समजूत मोडून काढण्याचें श्रेय बव्हंशीं कॉलिन चॅपमन ह्या इंग्रजाकडे जातें. त्याच्या लोटस कारखान्याची १९६२ ची एलान मोटार त्या काळच्या क्रीडामोटारींच्या मानानें आश्चर्यकारक मऊ होती, आणि तरीहि वळणांवर ती बहुतेकांना मागें टाकी. हलकें अंग, मऊ स्प्रिंगा, लांब चाल आणि नीट जुळविलेले शॉक-अॅब्सॉर्बर, एवढेंच तिचें रहस्य. काटकसरीच्या दृष्टीनें तिची दुसरीहि गोष्ट सांगण्याजोगी आहे: पुढच्या चाकांचे उभे लोखंडी आधार चॅपमननें स्वतः घडविले नाहींत; ट्रायम्फच्या सामान्य घरगुती गाडीचे तयार आधार त्यानें घेतले. वाईट रस्त्याच्या मुलखाला ह्या दाखल्याइतका उपयुक्त दाखला दुसरा नाहीं. मुंबई-पुण्याच्या दुकानांत उंची कमीजास्त करतां येणारे चकचकीत ‘कॉइलओव्हर’ पाहून ज्यांना भुरळ पडते, त्यांनीं एलानचा इतिहास आधीं वाचावा.

तेव्हां जुन्या ऑक्टेव्हियासारख्या गाडीचें काम समजून करणारा कारागीर आरंभ स्प्रिंगेपासून करीतच नाहीं. तो प्रथम गाडी वर उचलून रबरी बुश, खांबाच्या माथ्यावरचें रबर व बेअरिंग, आणि सुकाणूचे सांधे तपासतो. पंधरा वर्षें उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडीचें रबर लाकडासारखें झालेलें असतें किंवा फाटलेलें असतें. तें नवें घातलें कीं गाडीचा अर्धा सैलपणा जातो, आणि हा सर्वांत कमी खर्चाचा भाग आहे. त्यानंतर टायर. कडा मऊ पडलेला किंवा जुना झालेला टायर बदलल्यावांचून खालच्या कोणत्याहि सुधारणेचें फळ रस्त्यापर्यंत पोहोंचत नाहीं. फार मोठें चाक आणि फार पातळ टायर ही हौस येथें महागांत पडते. टायरची बाजू हीच खड्ड्याची पहिली कमान असते, ती पातळ केली कीं पहिला धक्का रिमला बसतो.

खरा पैसा घालावयाचा तो शॉक-अॅब्सॉर्बरवर. चांगला, वायुयुक्त, मूळ उंचीच्या स्प्रिंगेशीं जुळणारा शॉक-अॅब्सॉर्बर चारी चाकांना घातला तर पुष्कळदां स्प्रिंग बदलण्याचें कारणच उरत नाहीं. गाडी बसली असेल तर स्प्रिंगा नव्या घ्याव्यात, मूळच्याहून थोड्या कडक घ्याव्यात, आणि उंची फार तर दोन सेंटिमीटर उतरूं द्यावी. गोल्फशीं असलेलें नातें येथें उपयोगी पडतें. त्या कुळांतील गाड्यांचे भाग जगभर पुष्कळ निघाले असल्यानें दुर्मिळ वस्तूसाठीं मोजावी लागणारी किंमत ह्या गाडीला मोजावी लागत नाहीं. शेवटचें काम मागच्या आडव्या दांड्याचें, ज्याला अँटी-रोल बार म्हणतात. हा दांडा डाव्या व उजव्या चाकांना जोडतो. दोन्ही चाकें एकदम वर उचललीं गेलीं तर तो स्वस्थ बसतो. गाडी वळणावर कलूं लागली कीं मात्र तो पिळला जाऊन तिला आवरतो. पुढें जड असलेली गाडी वळणाबाहेर सरकते ती ह्यानें बरीच सुधारते. पण अति जाड दांडा घातला तर एका चाकाला बसलेला खड्डा दुसऱ्या चाकालाहि भोगावा लागतो. म्हणून येथेंहि हात राखूनच काम करणें इष्ट. हें सर्व झाल्यावर चाकांचें अलाइनमेंट. तें आधीं करून घेणारे महाभाग आहेत. ते पैसे दोनदां देतात.

शेंद्र्याच्या गाडीला हा सर्व विचार कां करावा लागतो, हें २०२२ नंतर अधिकच स्पष्ट झालें. त्या वर्षीं ११ डिसेंबरला नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्ग खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं तो मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पुरा झाला. शहराच्या उत्तरेकडून जाणाऱ्या ह्या सिमेंटच्या रस्त्यावर मोटारींना ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सावंगी किंवा माळीवाडा येथें त्यावर चढणारी मोटार अर्ध्या तासापूर्वीं शहागंजच्या गल्लींत खड्डे चुकवीत असते. एकाच सकाळीं एकाच चार स्प्रिंगांना दोन्ही पेलावें लागतें. केवळ महामार्गासाठीं कडक केलेली गाडी शहरांत मोडते. केवळ शहरासाठीं सैल ठेवलेली गाडी महामार्गावर बाजूच्या वाऱ्यानें आणि मालमोटारीच्या झोतानें हेलकावे घेते. दर महिन्याला पगारांतून वांचविलेल्या पैशांत जो तरुण ही गाडी बांधतो, त्याच्या शेजारच्या आसनावर पुष्कळदां त्याची आई किंवा पत्नी बसलेली असते, आणि तिला इंजिनाच्या अश्वशक्तीशीं कांहींएक कर्तव्य नसतें.

कायद्याचाहि येथें संबंध येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकपणें लावला. झिजलेला भाग काढून त्याच तोडीचा भाग घालणें वेगळें, आणि गाडीचें रूपच पालटणें वेगळें. कापलेली स्प्रिंग दुसऱ्या प्रकारांत मोडते, हें तपासणी नाक्यावरच्या अधिकाऱ्याला सांगावें लागत नाहीं. चाकाच्या कमानींत बोट शिरत नसलें कीं त्याला तें दिसतें.

काम पुरें झालें कीं जुने कारागीर यंत्र लावीत नाहींत. बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनीं भार देऊन गाडी खालीं दाबतात आणि एकदम सोडतात. ती वर येते, आपली जागा किंचित् ओलांडते, आणि परत येऊन तेथेंच थांबते. दुसरा झोका आला तर शॉक-अॅब्सॉर्बर पुन्हां उतरविला जातो. चारी कोपरे असे पाहून झाले म्हणजे मालकाला किल्ली मिळते, आणि गाडी सिमेंटच्या महामार्गाकडे न जातां आधीं पडेगांवच्या बाजूनें दौलताबादच्या रस्त्याला लागते.